मोहफुलाची वेळ, घंटेची वेळ

मार्चअखेरची सकाळ. गडचिरोली जिल्ह्यातले जंगलाला लागून असलेले एखादे गाव. शाळेची घंटा होते, प्रार्थना होते आणि गुरुजी हजेरी घेऊ लागतात. कितीतरी नावांना उत्तरच येत नाही. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. अशा दिवसांत शिक्षकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते, “इथल्या लोकांना वेळेची किंमतच नाही.”

हे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे. ज्या मुलांच्या नावापुढे खूण पडली, ती त्या वेळी झोपलेली नसतात. पहाटे, अंधार असतानाच, टोपल्या घेऊन ती आईबापांबरोबर मोहाच्या झाडाखाली पोचलेली असतात. घंटा होते तेव्हा त्यांचे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम निम्मे उरकलेले असते. म्हणजे प्रश्न वेळेची किंमत असण्या-नसण्याचा नाही. एकाच सकाळी, एकाच गावात दोन निरनिराळ्या वेळा चालू आहेत आणि त्यांचा मेळ बसत नाही, असा हा प्रश्न आहे. या दोन वेळा कोठून आल्या, हे चांदा-गडचिरोलीच्या इतिहासात चांगले स्पष्ट दिसते. तो इतिहास पाहिला, तर ‘वेळेचे नियोजन’ म्हणजे नेमके काय, याचाही उलगडा होतो.

फूल थांबत नाही

मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून त्यांच्या मांसल, गोड पाकळ्या गळून खाली पडतात. त्या ऊन चढण्याआधी वेचाव्या लागतात. उशीर झाला तर गुरे आणि रानजनावरे त्या खाऊन टाकतात. शिवाय या भागातले ऊनही साधे नसते. वेचलेली फुले अंगणात पसरून वाळवायची, संध्याकाळी गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघायचे. हा क्रम काही आठवडेच चालतो. त्यानंतर वर्षभर झाड काही फुले देत नाही.

मोह सरतो न सरतो तोच तेंदूपत्ता येतो. एप्रिल-मे महिन्यांत कोवळी पाने तोडायची, तीही पहाटेच. दुपारी सावलीत बसून घरातली सगळी माणसे पुडे बांधतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. संध्याकाळी पुडे संकलन केंद्रावर, लोकांच्या भाषेत ‘फळी’वर, मोजून द्यायचे. पावसाच्या आत हे सारे उरकले पाहिजे. मग पावसाळ्यात धानाची रोवणी. रोपे ठरावीक वयाची असताना आणि बांधीत पुरेसे पाणी असताना ती झालीच पाहिजे.

आता या कामांची विभागणी पाहा. पहाटे कोण निघणार, लहान भावंडाला कोण सांभाळणार, पुडे कोण बांधणार, बाजाराच्या दिवशी कोण जाणार, हे सारे घरात ठरलेले असते. घड्याळ मात्र कोठेच नाही. काम केव्हा करायचे हे काम स्वतःच सांगते. नियोजनावरच्या पुस्तकांत ‘कामांचा अग्रक्रम ठरवा’ असा उपदेश असतो. इथला अग्रक्रम एका साध्या कसोटीवर ठरतो : कोणते काम थांबू शकते आणि कोणते थांबू शकत नाही? झोपडीची डागडुजी आठवडाभर थांबेल, मोहफूल थांबणार नाही.

करमणूकसुद्धा याच हिशेबात बसते. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर, धान हाती येऊ लागल्यावर सुरू होतो. वडसा म्हणजे देसाईगंज येथील नाटक मंडळ्या गावोगाव जातात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. रोवणीच्या दिवसांत असे जागरण कोणाला परवडणार नाही. धान घरात आल्यावर ते परवडते. माडिया आणि गोंड समाजांत ‘पंडुम’ नावाचे सण असतात. नवे फळ किंवा नवे पीक आले तरी त्याचा पंडुम झाल्याखेरीज ते खायचे नाही, अशी रीत आहे. आंब्याचा ‘मरका पंडुम’ त्यांतलाच. अख्ख्या गावाने एकत्र पाळायचे हे एक कॅलेंडरच झाले. ते भिंतीवर टांगलेले नसते, एवढेच.

साठ घटकांचा दिवस

घड्याळापूर्वी वेळ मोजतच नव्हते, असे मात्र नाही. आपल्याकडे दिवस-रात्र मिळून ६० घटका मानल्या जात. एक घटका म्हणजे आजची २४ मिनिटे आणि एका घटकेची ६० पळे, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. मोठे माप प्रहराचे. एक प्रहर साधारण तीन तासांचा. घटका मोजायला घटिकापात्र असे. तांब्याच्या वाटीच्या तळाला बारीक छिद्र पाडून ती पाण्यावर तरंगत ठेवायची. पाणी आत शिरत शिरत वाटी बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त गाठण्यासाठी मराठी घरांत हे पात्र अगदी अलीकडेपर्यंत वापरले जात होते.

पण घटिकापात्राची गरज रोजच्या जगण्यात क्वचितच पडे. रोजच्या कामाला सूर्य पुरे होता. आणि सूर्याची वेळ प्रत्येक गावाची वेगळी. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटे लागतात. एखादे गाव दुसऱ्याच्या पूर्वेला एक अंशावर असेल, तर तिथे सूर्य चार मिनिटे आधी डोक्यावर येतो. हा फरक कोणाला जाचत नव्हता, कारण एका गावाची वेळ दुसऱ्या गावाशी जुळवण्याचे कारणच नव्हते. ते कारण आगगाडीने आणले.

कोळसा आणि मद्रासची वेळ

१८५३ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांद्याचा मुलूख इंग्रजांकडे गेला. वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा सापडला, वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली. मुंबईहून येणारी रेल्वे वर्ध्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचलीच होती. १८७० च्या दशकात वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत खास कोळशासाठी फाटा टाकण्यात आला.

एकाच रुळावरून समोरासमोर दोन गाड्या धावणार असतील, तर दोन स्टेशनांवरची घड्याळे जुळलेलीच पाहिजेत. मग कोणत्या गावाची वेळ धरायची? मुंबईची, कलकत्त्याची की आणखी कोणाची? हिंदुस्थानातील रेल्वेने त्या काळात मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येई आणि ते शहर रेखांशाच्या दृष्टीने मुंबई आणि कलकत्ता यांच्या दरम्यान होते.

यात एक गंमत आहे. मद्रासचा रेखांश सुमारे ८०.२५ अंश पूर्व आहे. गडचिरोलीचा सुमारे ८०, चंद्रपूरचा सुमारे ७९.३. हिशेब करून पाहा. मद्रासची वेळ आणि गडचिरोलीची सूर्याची वेळ यांत जेमतेम एका मिनिटाचा फरक येतो. चांद्याचा येतो सुमारे चार मिनिटांचा. मुंबईला मात्र हीच वेळ अर्ध्या तासाने पुढे वाटे. १८८१ मध्ये मुंबईवर मद्रासची वेळ लादण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथे इतका विरोध झाला की सरकारला माघार घ्यावी लागली. चांद्याच्या जंगलाजवळ आलेले रेल्वेचे घड्याळ मात्र तिथल्या सूर्याशी जवळपास जुळलेलेच होते.

१ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तिचा आधार ८२.५ अंश पूर्व रेखांश. त्यामुळे गडचिरोलीचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे १० मिनिटे मागे पडला, चंद्रपूरचा १३ मिनिटे आणि मुंबईचा तब्बल ३९ मिनिटे. मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. पुढे १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा हा दुवा पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास हा थेट मार्ग चांदा जिल्ह्यातून धावू लागला.

दोन शिस्ती

रेल्वेबरोबर केवळ घड्याळ आले नाही, कामाची एक नवी शिस्त आली. खाणीत माणसे खाली उतरणे, पंप चालणे, डबे भरणे आणि मालगाडी सुटणे यांचा मेळ बसावा लागतो. एकजण सूर्य पाहून आणि दुसरा भूक लागल्यावर आला, तर खाण चालणार नाही. वरोऱ्यानंतर बल्लारपूरच्या परिसरात खाणी आल्या, विसाव्या शतकाच्या मध्यात बल्लारपूरला कागदाचा कारखाना आला, पुढे चंद्रपूरला औष्णिक वीजकेंद्र आले. पाळ्या आणि भोंगा या भागाच्या परिचयाचे झाले.

ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ मध्ये या बदलावर एक निबंध लिहिला. तो पुढे फार गाजला. त्यांचे म्हणणे असे की कारखान्यांपूर्वी खुद्द इंग्लंडमधली माणसेही कामाप्रमाणे वेळ वाटून घेत. कापणीच्या दिवसांत रात्र म्हणत नसत आणि काम नसेल तेव्हा निवांत बसत. त्यांना घड्याळाच्या शिस्तीत आणण्यासाठी घंटा, दंड, शाळा, उपदेश यांचा वापर पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला. म्हणजे घड्याळ न पाळणे हा काही आदिवासींचा किंवा हिंदुस्थानी माणसांचा स्वभावदोष नव्हे. कामाची पद्धत बदलते तशी वेळेची पद्धत बदलते. ‘वेळेची किंमत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा एका पद्धतीच्या मापाने दुसरी मोजत असतो.

तरीही घड्याळाला सरसकट दोष देऊन चालणार नाही. घड्याळ मालकाच्या हाती असते तसे मजुराच्याही हाती येऊ शकते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची चळवळ केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९२३ च्या खाण कायद्याने जमिनीखालच्या कामाला आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. तास मोजता येतात म्हणूनच ‘याहून जास्त नाही’ असे म्हणता येते. कामाप्रमाणे चालणाऱ्या दिवसाला अशी सीमा नसते. पहाटे मोह वेचून, दिवसभर घर सांभाळून रात्री पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे तास कोणी मोजत नाही.

वर्ध्याचे वेळापत्रक

या दोन शिस्ती एकत्र आणण्याचा एक प्रयत्न याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्याजवळ झाला. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या कमरेचे घड्याळ सर्वांना ठाऊक आहे. पहाटेच्या प्रार्थनेपासून आश्रमाचा दिवस मिनिटांच्या हिशेबाने चाले. पण त्या दिवसाच्या मधोमध हाताचे काम होते.

१९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने नयी तालीमच्या शाळेसाठी साडेपाच तासांचे वेळापत्रक सुचवले : मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे, मधली सुट्टी १० मिनिटे. एवढे काटेकोर वेळापत्रक, आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ अशा कामाला, जे विद्यार्थ्यांच्या भोवतालच्या जगण्यातले आहे. ही योजना पुढे फार काळ टिकली नाही. शाळेच्या उत्पन्नावर तिचा भर होता, त्यावर टीकाही झाली. पण वेळापत्रक आखताना आधी जगणे पाहायचे आणि मग तासिका पाडायच्या, हा तिचा क्रम विसरण्यासारखा नाही.

एका मिनिटाची वाळू

आता अशा प्रसंगाकडे येऊ, जिथे जंगलातल्या गावालाही मिनिटाची नितांत गरज पडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे त्यांना दिसले. डॉक्टर दूर, क्ष-किरण यंत्र तर आणखी दूर. पण न्यूमोनियाची एक खूण घरातही पाहता येते : शांत असलेल्या बाळाचा श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा अधिक झाले, तर तो धोक्याचा इशारा धरायचा.

अडचण अशी, की गावातील दाईकडे घड्याळ नाही, असले तरी वाचता येत नाही आणि पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजणेही अवघड. म्हणून बंग दांपत्याने ‘श्वासमापक’ तयार केला. त्यात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तारेवर ओवलेले मणी होते. दोन वयोगटांसाठी मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत शेवटचा, वेगळ्या रंगाचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता आले की पुरे.

दाया आणि गावातील आरोग्यसेवकांना असे शिकवून उपचार गावातच देण्यात आले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे निम्म्याने कमी होते.

इतिहासाच्या दृष्टीने यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट कोणती? ‘या बायकांना वेळ कळत नाही’ असे म्हणून कोणी थांबले नाही. काम कोणते आहे, त्याला किती बारीक वेळ हवी आणि ती कोणाच्या हाती द्यायची आहे, हे आधी पाहिले आणि त्या बेताचे घड्याळ बनवले. मोहफुलाला पहाट पुरते. आगगाडीला गावोगावची जुळलेली घड्याळे लागतात. बाळाच्या श्वासाला नेमके एक मिनिट लागते. प्रत्येक कामाला त्याचे माप.

मग शाळेची वेळ कोणती?

आता पुन्हा त्या हजेरीपटाकडे जाऊ. शाळेची घंटा ही रेल्वेच्या जातीची वेळ आहे. तीस मुलांनी एकाच वेळी एकत्र यायचे, तर घंटा हवीच. पण ती किती वाजता व्हावी आणि वर्षातल्या कोणत्या दिवशी व्हावी, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेऊन इथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडण्याची पद्धत आहेच. २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे परिपत्रक काढले. हेतू मुलांच्या झोपेचा, म्हणजे चांगलाच. पण त्याच नऊच्या ठोक्याला गडचिरोलीचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने पुढे असतो, हेही आपल्याला आता माहीत आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितले आहे. त्याच कायद्याने शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत घातले आहे. किती तास हे कायदा सांगतो; ते केव्हा, यासाठी त्याने गावाजवळ एक दार उघडे ठेवले आहे. या दाराचा उपयोग करायचा तर शाळा व्यवस्थापन समितीने मोहाचे आठवडे आधी ठाऊक करून घेऊन तशी मागणी पुढे मांडायला हवी. मुलांनी शाळा सोडून वेचणी करावी, असा याचा अर्थ नाही. उलट, ज्या मुलाला आठवडाभर गैरहजर धरले जाते आणि परत आल्यावर धडा पुढे गेलेला सापडतो, त्याची शाळा सुटण्याचा धोका मोठा असतो. धडा थोडा थांबू शकतो, फूल थांबू शकत नाही. धड्याला थांबता येत असूनही तो थांबत नाही, तेव्हा मूल मागे राहते.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयावर आठवी-नववीच्या मुलांकडून काही गोष्टी सहज करून घेता येतील.

१. मैदानात सरळ काठी रोवा. सकाळी साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने दाखवा. सावली सर्वांत आखूड केव्हा होते? गडचिरोलीत सरासरीने १२ वाजून १० मिनिटांनी व्हायला हवी. पण फेब्रुवारीच्या मध्यास ती वेळ १२.२४ च्या आसपास आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस ११.५४ च्या आसपास येईल. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून हा फरक पडतो. वर्षभर नोंदी ठेवल्या तर मुलांना तो स्वतः सापडेल.

२. पत्र्याच्या हलक्या वाटीला बारीक छिद्र पाडून घटिकापात्र करा. ते २४ मिनिटांत बुडावे, यासाठी छिद्र केवढे हवे, हे प्रयोगाने ठरवा.

३. गावाचे कामांचे वर्तुळ काढा. बारा महिने आखून त्यात मोह, तेंदू, रोवणी, कापणी, बाजार, पंडुम, नाटके भरा. प्रत्येक कामापुढे ‘थांबते’ किंवा ‘थांबत नाही’ असे लिहा. मग त्याच वर्तुळावर शाळेच्या सुट्ट्या आणि परीक्षा वेगळ्या रंगाने दाखवा.

४. प्रत्येक मुलाने आपल्या आईचा एक दिवस तासांत मांडावा. कामाचे तास किती होतात, याची बेरीज करावी.

तिसऱ्या उपक्रमातले वर्तुळ शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत भिंतीवर लावा. दोन रंग कोठे एकमेकांवर आदळतात, हे पालकांना आणि शिक्षकांना एकाच नजरेत दिसेल. मोहाच्या दिवसांत शाळेची घंटा केव्हा व्हावी, याची चर्चा तिथून सुरू करता येईल.